आधी खर्ज गाळायचा: ब्रायन मेच्या गिटारचा आवाज कसा घडतो

ब्रायन मे ज्यात गिटार वाजवतो त्या क्वीन या ब्रिटिश रॉक बँडची गाणी ऐकून गिटार हातात घेतलेली मुलं मला हमखास एकच प्रश्न विचारतात, "ब्रायन मेसारखा आवाज हवाय, कुठलं पेडल घेऊ?" हाच प्रश्न मी पंधरा वर्षांपूर्वी एका दुकानात विचारला होता. समोरच्या माणसाने एक जाडजूड डिस्टॉर्शन पेडल, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाडणारी, पायाने दाबायची डबी, काढून दिलं. घरी येऊन जोडलं, तर आवाज फाटला, गुरगुरला, पण गायला मात्र नाही. ब्रायनची गिटार गाते. तिची एक नोट धरून ठेवली की ती व्हायोलिनच्या गजासारखी लांबत जाते, आणि दोन-तीन गिटारी एकत्र आल्या की एखादा ब्रास बँड वाजतोय असं वाटतं. फाटलेला आवाज इतका नितळ कसा, हे कोडं मला पुढची बरीच वर्षं पुरलं.

त्याचं उत्तर कुठल्याच एका पेडलमध्ये नाही, ते क्रमात आहे. हळद, हिंग, मोहरी, तेल सगळं तेच असलं तरी तेल तापायच्या आत हळद पडली की फोडणी बिघडते. या आवाजाचंही तसंच आहे. काय आधी गाळायचं, मग कुठे फाटू द्यायचं आणि शेवटी कुठे मिसळायचं, एवढं समजलं की महागडं सामान नसतानाही आपण त्या आवाजाच्या बरेच जवळ जातो. म्हणून खरेदीची यादी न देता तार छेडल्यापासून स्पीकरपर्यंत एकेक टप्पा काय काम करतो ते सांगतो.

सुरुवात गिटारपासून. ऑगस्ट १९६३ मध्ये लंडनच्या पश्चिमेला फेल्टम इथे १६ वर्षांचा ब्रायन आणि त्याचे वडील हॅरॉल्ड यांनी घरातच गिटार बनवायला घेतली. फेंडर किंवा गिब्सन कंपनीची गिटार घेण्याची ऐपत नव्हती. वडील इलेक्ट्रॉनिक्समधले जाणकार होते आणि हाताने वस्तू बनवण्याची त्यांना मनापासून आवड होती. एका ओळखीच्या घरातून टाकून दिलेली जुनी फायरप्लेसची चौकट मिळाली, तिच्या महोगनी लाकडातून मान कोरली. लाकडाला वाळवीसारख्या किड्याने भोकं पाडली होती, ती काड्यापेटीतल्या काड्या ठोकून बुजवली. धडासाठी जुन्या टेबलाचं ओक आणि ब्लॉकबोर्ड वापरलं. फ्रेटबोर्डवरचे, म्हणजे मानेवर जिथे तार दाबतात त्या पट्टीवरचे, पांढरे ठिपके म्हणजे आईच्या डब्यातली मोत्याच्या शिंपल्याची बटणं. दोन वर्षांच्या आसपास काम चाललं आणि खर्च आला साधारण ८ पौंड. हीच ती 'रेड स्पेशल'. पुढची सगळी कारकीर्द ब्रायनने मुख्यतः तिच्यावरच काढली.

ही गोष्ट सगळे कौतुकाने सांगतात आणि तिथेच थांबतात. मला त्यातलं ट्रेमोलो जास्त महत्त्वाचं वाटतं. तारांचा ताण कमी-जास्त करून स्वर हलवणारी ही यंत्रणा बहुतेक गिटारींमध्ये वापरून झाल्यावर नेमकी जागेवर येत नाही आणि गिटार बेसूर होते. या दोघांनी ती सुरीच्या धारेवर तोलली आणि तारांच्या ताणाला विरोध म्हणून १९२८ सालच्या पँथर मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या दोन स्प्रिंगा लावल्या. दांडी एका सायकलच्या पिशवी अडकवायच्या हुकाची, आणि टोकाला आईच्या विणायच्या सुईचा तुकडा. घर्षण जवळजवळ उरलंच नाही. म्हणून ब्रायन स्वर कितीही हलवतो, तरी तार परत सुरात येऊन बसते. धड आतून काही ठिकाणी मुद्दाम पोकळ ठेवलं, तेही फीडबॅकसाठी. स्पीकरमधून निघालेला आवाज गिटारच्या लाकडाला आणि तारांना पुन्हा थरथरवतो, ती थरथर पुन्हा स्पीकरकडे जाते आणि नोट विझतच नाही. हे चक्र बेताल झालं की कर्णकर्कश शिट्टी वाजते. नीट जमलं तर स्वर हवा तितका लांबतो. ब्रायनला ते चक्र हवंच होतं, आणि गिटार त्या हिशेबाने बांधली गेली.

आता पिकअप. तारांखाली बसवलेली ही चपटी पेटी म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तांब्याची हजारो वेढ्यांची अतिबारीक तार. वर पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि तांब्याच्या गुंडाळीत इवलासा विद्युतप्रवाह निर्माण होतो. ब्रायनने आधी पिकअपसुद्धा स्वतः बनवले होते, पण तार ओढून स्वर वर नेला की त्यांतून विचित्र आवाज येई. मग त्याने बर्न्स कंपनीचे तीन ट्राय-सॉनिक पिकअप विकत घेतले. मोठ्या आवाजात गुंडाळी स्वतःच थरथरून किंचाळू नये म्हणून ते ॲराल्डाइटने आतून पक्के केले. आपण घरात तुटलेली कपबशी चिकटवतो तेच ॲराल्डाइट.

खरी मेख त्यांच्या जोडणीत आहे. नेहमीच्या स्ट्रॅटोकास्टर प्रकारच्या गिटारीत दोन पिकअप एकत्र निवडले की ते समांतर जोडले जातात, त्यामुळे आवाज मोकळा आणि काचेसारखा येतो. रेड स्पेशलमध्ये ते एकापुढे एक, म्हणजे मालिकेत जोडलेले आहेत. बॅटरीत दोन सेल एकापुढे एक घातले की व्होल्टेज वाढतं, तसा इथे सिग्नल वाढतो. शिवाय सगळ्यात वरच्या तीक्ष्ण कंपनांची धार उतरते आणि मधला भाग पुढे येतो. मानवी गळ्याचा रंग याच मधल्या भागात असतो. गिटार गाते असं वाटण्याचं निम्मं कारण इथे आहे.

प्रत्येक पिकअपला दोन बटणं आहेत, एक चालू-बंदचं आणि दुसरं फेज उलटवण्याचं. फेज म्हणजे काय, तर जात्यावर दळायला बसलेल्या दोघीजणींची कल्पना करा. दोघींचा हात एका दिशेने फिरला तर जातं सहज फिरतं. एकीने उलट ओढलं तर जोर एकमेकींना छेदतो. दोन पिकअपचं असंच. एक उलटा केला की दोघांना सारखं ऐकू येणारं सगळं वजा होतं. मात्र दोघे तारेखाली वेगवेगळ्या जागी बसलेले असल्यामुळे काही उपस्वर एकाला जास्त ऐकू येतात, दुसऱ्याला कमी. तेवढेच वजाबाकीतून वाचतात. मूळ स्वराचं वजन जातं आणि नाकातून काढल्यासारखा, टोकदार, थोडासा रडवेला आवाज उरतो.

उपस्वर हा शब्द पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून त्याबद्दल थोडं. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी लावतात, तेव्हा ते स्वर बदलत नाहीत. षड्ज षड्जच राहतो, पण घोडीच्या पृष्ठभागावर तार कशी टेकते त्यावरून त्या षड्जाच्या अंगावरचे बारीक स्वर किती उमलणार हे ठरतं. मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट अशी त्यांची चढती रांग असते. रॉक गिटारमधलं डिस्टॉर्शन म्हणजे हीच रांग विजेच्या साहाय्याने फुलवणं.

तार छेडायलाही ब्रायन प्लास्टिकचं पिक वापरत नाही. त्याच्या हातात सहा पेन्सचं जुनं इंग्लिश नाणं असतं. ते वाकत नाही, म्हणून बोटांनी केलेली प्रत्येक हालचाल जशीच्या तशी तारेपर्यंत जाते. त्याच्या कडेला बारीक दाते आहेत. आपल्याकडचं चार आण्याचं जुनं नाणं, म्हणजे पावली, आकाराने त्याच्या अगदी जवळचं, साधारण १९ मिलिमीटर. आजीच्या डब्यात मला तांबं-निकेलची कडेला खाचा असलेली एक पावली सापडली, तीच मी वापरतो. नंतर आलेल्या स्टीलच्या पावलीची कड गुळगुळीत असते, तिचा उपयोग नाही. नाणं अंगठा आणि वाकवलेली तर्जनी यांच्यामध्ये सैलसर धरायचं. ते तारेला समांतर ठेवून वाजवलं तर स्वर मऊ आणि गोल निघतो. मनगट थोडं तिरकं केलं की खाचा तारेवरून खर्रकन घासतात आणि प्रत्येक नोटेच्या आधी एक बारीक 'च्च' ऐकू येतो, गायक शब्दाचं पहिलं व्यंजन उच्चारतो तसा. हेडफोन लावून दोन्ही ऐकून बघा. व्यंजन असलेली नोट गर्दीतही कळते.

आता गाळणीकडे येऊ, कारण माझं पहिलं पेडल इथेच चुकलं होतं.

तरुण ब्रायन लंडनच्या मार्की क्लबमध्ये आयरिश गिटारवादक रोरी गॅलाघरला ऐकायला गेला आणि कार्यक्रम संपल्यावर त्याने त्यालाच आवाजाचं गुपित विचारलं. गॅलाघरने मोकळेपणाने सांगितलं: व्हॉक्स कंपनीचा एसी३० ॲम्प (गिटारचा इवलासा सिग्नल मोठा करून स्पीकरला देणारं यंत्र) आणि त्याच्या आधी एक छोटी डबी, डॅलस रेंजमास्टर. ही डबी म्हणजे ट्रेबल बूस्टर. आत जर्मेनियमचा एकच ट्रान्झिस्टर आणि ९ व्होल्टची बॅटरी. ती पायाखाली नसायची, ॲम्पच्या डोक्यावर ठेवलेली असायची, आणि वाजवताना सतत चालूच असायची.

'ट्रेबल बूस्टर' या नावाने मोठा घोटाळा केला आहे. लोकांना वाटतं, हे यंत्र आवाज टोकदार करण्यासाठी आहे. प्रत्यक्षात त्याच्या तोंडाशी एक अगदी छोटा कपॅसिटर आहे, आणि छोटा कपॅसिटर खर्जाच्या संथ कंपनांना आत येऊच देत नाही. वरच्या आणि मधल्या कंपनांना तो वाट देतो, ट्रान्झिस्टर त्यांना कित्येक पटींनी मोठं करतो. म्हणजे ही आधी गाळणी आहे, मग पंप.

खर्ज का गाळायचा? गिटारच्या सर्वांत जाड मोकळ्या तारेचं कंपन सेकंदाला ८२ वेळा, सर्वांत बारीक तारेचं ३३०. खर्जाच्या कंपनात ताकद जास्त असते. ॲम्पची क्षमता मर्यादित असते, आणि खर्ज तिच्यात शिरला की बहुतेक जागा तोच खाऊन टाकतो. ॲम्प फाटायला लागतो तेव्हा खर्जाच्या हिंदकळण्याबरोबर वरचे सगळे स्वरही चेंगरले जातात. चिखल होतो तो इथे. आधीच खर्ज काढून टाकला तर ॲम्प केवळ मधल्या आणि वरच्या भागावर फाटतो, स्वच्छपणे फाटतो. माझ्या पहिल्या पेडलमधून सगळा खर्ज तसाच आत जात होता आणि मी नंतर इक्वलायझरने तो कमी करायला बघत होतो. गाळायचं ते आधी. चहा कपात ओतून झाल्यावर गाळणीचा उपयोग नसतो.

एक अट लक्षात ठेवा. जुन्या धाटणीचा जर्मेनियम बूस्टर गिटारला थेट जोडलेला असावा लागतो. मध्ये बफर (सिग्नल पुढच्यापासून वेगळा करून पाठवणारं छोटं सर्किट) असलेलं ट्यूनर किंवा दुसरं पेडल आलं की पिकअप आणि बूस्टर यांचं नातं तुटतं आणि आवाज पातळ, चिरका होतो. अनेकजण चांगला बूस्टर घेऊन "हा तर कानात घुसतो" म्हणून विकून टाकतात. त्यांतल्या पुष्कळांनी तो रांगेत चुकीच्या जागी लावलेला असतो.

पुढचा टप्पा ॲम्प. एसी३० हा १९६० च्या सुमाराचा ब्रिटिश ॲम्प, केंटमधल्या डार्टफर्डच्या जेएमआय कंपनीचा. यात ईएल८४ जातीच्या चार व्हॉल्व्ह, म्हणजे सिग्नल मोठा करणाऱ्या काचेच्या नळ्या, असतात आणि १२ इंचांचे दोन सेलेस्टियन स्पीकर. ब्रायन त्याची 'नॉर्मल' वाहिनी वापरतो. तिला स्वतःचे बास-ट्रेबलचे नॉब नाहीत आणि मुळात ती थोडी मंद, जाड आवाजाची आहे. बूस्टरने जे पातळ आणि धारदार केलं, त्याला ही वाहिनी अंग देते. दोघं एकमेकांसाठीच बनल्यासारखे बसतात. बूस्टर एखाद्या चकचकीत ॲम्पला लावला तर कान दुखतात, त्याचं कारण हेच.

आणि व्हॉल्यूम? पूर्ण. कायम पूर्ण. पुष्कळसे ॲम्प स्वतःच्या बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा अंश मागे फिरवून चुका दुरुस्त करत राहतात. असे ॲम्प बराच वेळ स्वच्छ राहतात आणि मग एकदम फाटतात. एसी३० मध्ये अशी दुरुस्ती नाही, त्यामुळे स्वच्छ आणि फाटलेला यांच्यामध्ये सरळ उंबरठा नसून लांब उतार आहे. शिवाय जोरात वाजवलं की आतली वीज क्षणभर दबते आणि सावरते. इमारतीचा पाण्याचा पंप सुरू झाला की घरातला बल्ब एक क्षण मंदावतो ना, तसं. नोटेचा पहिला घाव दाबला जातो आणि मग ती फुगत वर येते. गजाने वाजवल्याचा भास होतो तो या फुगण्यामुळे.

ॲम्प पूर्ण उघडा आणि बूस्टर चालू, मग हळू कसं वाजवायचं? गिटारवरच्या व्हॉल्यूमच्या नॉबने. हा नॉब इथे आवाज लहान-मोठा करत नाही, त्या उतारावर कुठे उभं राहायचं ते ठरवतो. पूर्ण उघडला की सोलो, थोडा मागे घेतला की गाण्यामागचे कॉर्ड, आणखी मागे घेतला की जवळजवळ स्वच्छ. पायाने काहीही न दाबता सगळं गाणं करंगळीवर चालतं.

आता माझ्या सर्वांत जिव्हाळ्याच्या भागाकडे येतो. क्वीनच्या ध्वनिमुद्रणांत एकाच वेळी तीन-तीन, कधी त्याहून जास्त गिटारी सुरात गातात. १९७० च्या दशकातल्या त्यांच्या अल्बमच्या वेष्टनावर सिंथेसायझर वापरला नसल्याची आवर्जून नोंद असायची, इतके ते आवाज लोकांना यंत्राचे वाटत. साहजिकच आपण ते तीन स्वर एका गिटारीवर एकदम छेडून बघतो, आणि काहीतरी आंबट, खडबडीत निघतं. का, ते सा, ग आणि प घेऊन बघू.

सा ४४० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४४० कंपनांवर, धरा. दोन स्वर एकाच वेळी फाटणाऱ्या ॲम्पमध्ये शिरले की त्यांची निव्वळ बेरीज होत नाही, त्यांचा जणू गुणाकार होतो. त्यातून दोन्ही स्वरांच्या कंपनांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवेच स्वर जन्मतात. शुद्ध गांधार ५५० हर्ट्झवर येतो. ५५० मधून ४४० गेले की ११०, म्हणजे आपल्याच षड्जाचा दोन सप्तकं खालचा षड्ज. सुरेल. तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा स्वयंभू गांधार याच शुद्ध जागी असतो. पण गिटारच्या फ्रेटवरचा, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांनी ठरवलेला, गांधार शुद्ध नाही. एका सप्तकाचे बारा सारखे भाग पाडल्यामुळे तो थोडा चढा आहे, ५५४.४ हर्ट्झवर. आता वजाबाकी येते ११४.४, आणि ती खालच्या षड्जापासून अर्ध्या सेमिटोनपेक्षाही (लगतच्या दोन फ्रेटमधल्या अंतराच्या निम्म्यापेक्षाही) जास्त वर सरकलेली. कुठल्याच सुरात न बसणारा एक जाड स्वर मुळाशी घोंघावत राहतो. तोच तो आंबटपणा.

पंचमाचं बघा. फ्रेटवरचा पंचम ६५९.३, त्यातून ४४० गेले की २१९.३. खालचा षड्ज २२०. जवळजवळ नेमका. म्हणून जगभरच्या रॉकवाद्यांनी फाटलेल्या आवाजात सा आणि प एवढेच दोन स्वर घेऊन वाजवायची रीत पाडली, त्याला पॉवर कॉर्ड म्हणतात. गांधार त्यांनी आवडीनिवडीने सोडलेला नाही, तो या गणितात बसत नाही.

ब्रायनला गांधार सोडायचा नव्हता. म्हणून त्याने तिन्ही स्वर वेगवेगळे वाजवले, टेपच्या वेगवेगळ्या ट्रॅकवर. प्रत्येक स्वर एकटाच ॲम्पमध्ये गेला, एकटाच फाटला आणि फाटून झाल्यावर स्टुडिओतल्या आवाज मिसळायच्या मिक्सरमध्ये बाकीच्यांना भेटला. मिक्सर फक्त बेरीज करतो, गुणाकार करत नाही. त्यामुळे वजाबाकीचे खोटे स्वर जन्मतच नाहीत. तिन्ही गिटारी पूर्ण फाटलेल्या असूनही त्यांचं एकत्र येणं स्फटिकासारखं ऐकू येतं. १९७५ ची 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' २४ ट्रॅकच्या टेपवर उभी राहिली, आणि गळ्यांचे थर जसे रचले तसेच गिटारीचे.

रंगमंचावरही तो हीच काळजी घेतो. 'ब्रायटन रॉक' या गाण्यात तो एक फ्रेज, म्हणजे छोटी सुरावट, वाजवतो, ती प्रतिध्वनीच्या यंत्रातून उशिरा परत येते आणि तो तिच्यावर पुढची फ्रेज वाजवून स्वतःशीच सुरात गातो. मूळ आवाज एका ॲम्पमधून येतो, पहिला प्रतिध्वनी दुसऱ्यातून, दुसरा तिसऱ्यातून. मागे दिसणाऱ्या एसी३० च्या भिंतीतला मोठा भाग या वेगळेपणासाठी आहे. तिन्ही आवाज एकाच ॲम्पमध्ये कोंबले असते तर गुणाकार तिथेच झाला असता. भौतिकशास्त्राचा हा विद्यार्थी १९७० च्या दशकात बँडसाठी संशोधन अर्धवट सोडून गेला आणि २००७ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजातून ग्रहांमधल्या धुळीवरची पीएचडी पूर्ण करून आला. मला त्याचं कानाने ऐकणं आणि मोजणं यांत कधी फरक दिसलेला नाही.

या थरांसाठी आणखी एक गमतीचं यंत्र होतं. क्वीनचा बास वाजवणारा जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. १९७२ च्या सुमारास त्याला रस्त्याकडेच्या कचऱ्यात एक सर्किट बोर्ड सापडला. त्याने तो एका छोट्या स्पीकरच्या पेटीत बसवला आणि ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवला. नॉब एकही नाही. हा 'डीकी ॲम्प'. जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरमुळे आणि छोट्या स्पीकरमुळे त्यातून आवाज असा आवळून निघतो की गिटार ओळखूच येत नाही, सनई-क्लॅरिनेटच्या कुळातली वाटते. 'गुड कंपनी' या १९७५ च्या गाण्यात शेवटी जुन्या धाटणीचा जॅझ बँड ऐकू येतो, तो सगळा ब्रायनची गिटार आहे. ते ऐकताना ट्रॉम्बोनच्या जागी गिटार ऐकायचा प्रयत्न करून बघा. मला अजूनही दर वेळी जमत नाही. (जाता जाता: क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी, मूळचा फारूख बुलसारा, आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि त्याचा पहिला बँड, हेक्टिक्स, तिथलाच.)

मग हे आपल्या घरात कसं आणायचं? ३० वॉटचा व्हॉल्व्ह ॲम्प पूर्ण उघडला तर एक खोली काय, अख्खी इमारत हादरते. मी राहतो तिथे वरच्या मजल्यावर लहान बाळ आहे, त्यामुळे माझं सगळं संगणकावर आणि हेडफोनवर चालतं.

तिथे दोन वेगळ्या गोष्टींची नक्कल करावी लागते, त्यांची गल्लत करू नका. एक स्पीकरची. देवळाच्या गाभाऱ्यात टाळी वाजवली की जो घुमारा परत येतो, त्यात त्या जागेचा ठसा असतो. तसाच स्पीकर आणि मायक्रोफोन यांचा एका क्षणाचा ठसा घेऊन ठेवतात, त्याला इम्पल्स रिस्पॉन्स किंवा आयआर म्हणतात. संगणक तुमच्या आवाजाच्या प्रत्येक कणावर तो ठसा उमटवतो आणि बेरीज करतो. पण ठशात फाटणं येत नाही, कारण ते बेरजेचं काम नाही. म्हणून ॲम्पची नक्कल वेगळी करतात: एक तर त्याच्या सर्किटचं गणित मांडून, किंवा खऱ्या ॲम्पला आवाज देऊन-घेऊन संगणकाला त्याची सवय लावून. दुसऱ्या प्रकारातलं न्यूरल ॲम्प मॉडेलर हे फुकट मिळतं आणि चांगलं काम करतं. ॲम्प बदलूनही आवाजाचा चेहरा बदलत नसेल तर आयआर बदला. चेहरा बहुतेक वेळा स्पीकर ठरवतो.

माझी रांग अशी आहे. तीन सिंगल कॉइल (एकेका गुंडाळीच्या) पिकअपची साधी गिटार, तिचे मधला आणि ब्रिजजवळचा, म्हणजे घोडीजवळचा, पिकअप एका कारागिराकडून मालिकेत जोडून घेतलेले. नऊचा, म्हणजे सर्वांत बारीक तार ०.००९ इंचाची असलेला, तारांचा सेट. मग थेट ट्रेबल बूस्टर. मग गिटार संगणकाला जोडणारी पेटी, म्हणजे ऑडिओ इंटरफेस, मग संगणकावर एसी३० ची नॉर्मल वाहिनी पूर्ण उघडी, आणि शेवटी १२ इंची अल्निको चुंबकाच्या स्पीकरचा आयआर. गिटार उघडायची नसेल तर हंबकर असलेली गिटार घ्या, हंबकर म्हणजे मुळात मालिकेत जोडलेल्या दोन गुंडाळ्याच असतात. रंग हुबेहूब येणार नाही, पण बूस्टरला हवी ती ताकद मिळेल. फीडबॅक मात्र हेडफोनवर मिळत नाही. तेवढ्यासाठी महिन्यातून एकदा तासाभरासाठी सरावाची खोली भाड्याने घेतो, ॲम्पसमोर उभा राहतो आणि नोट कुठे उभं राहिल्यावर पेटते ते शोधतो. पायाखालच्या फरशीवर खडूने खूण करून ठेवावीशी वाटते इतकी ती जागा नेमकी असते, एक पाऊल मागे गेलं की स्वर दुसऱ्याच उपस्वरावर उडी मारतो.

रांग जुळली की नाही हे तपासायला एक सोपी रीत आहे. तिसऱ्या तारेवर एक नोट लावा आणि ती वाजत असताना गिटारचा व्हॉल्यूम दहावरून हळूहळू चारवर आणा. ती गाता गाता बोलायला लागली, म्हणजे फाटणं विरत जाऊन खालून स्वच्छ स्वर वर आला, तर सगळं जागेवर आहे. नुसतीच लहान होत गेली आणि फाटलेलीच राहिली, तर बूस्टरच्या आधी काहीतरी बसलंय किंवा ॲम्पऐवजी दुसरंच कुठलं पेडल फाटतंय. ते काढा आणि पुन्हा दहापासून सुरू करा.